बस बंद पडली ते गाव

रांजणगावच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होते. शिरूरला खोली घेऊन राहायचे, सकाळी कंपनीच्या बसने जायचे आणि शिफ्ट सुटली की त्याच बसने परत. आई दौंडला असायची. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी शिरूरहून दौंडची एसटी धरायचे.

माझ्या टेबलापलीकडे पॅकिंगला उत्तरेकडचे एक गृहस्थ होते. वयाने चाळिशीचे, अबोल. मी त्यांना भैया म्हणायचे, ते मला दीदी म्हणायचे. माझं हिंदी सुधारलं ते त्यांच्यामुळेच. त्या वर्षी मे महिन्यात आम्ही बसने बोधगयेला निघालो आहोत, हे मी त्यांना मोठ्या आनंदाने सांगितलं. त्यांनी हातातला खोका खाली ठेवला.

"हमारी तरफ से जाओगी, दीदी," ते म्हणाले. "वहाँ लोग पहले नाम पूछते हैं। फिर पूरा नाम पूछते हैं।"

"मग काय सांगायचं?"

त्यांनी खोक्याला पट्टी मारली आणि पुढचा खोका ओढला. मी हसले होते, हे मला अजून आठवतं.

सहल आप्पांनी काढली होती. आप्पा आमच्या वस्तीतले, रेल्वेत पॉइंट्समन म्हणून रिटायर झालेले. नोकरीत असताना पासावर बराच देश हिंडले होते. दौंडहून निघायचं, वाटेत नागपूर, पुढे सारनाथ आणि बुद्धपौर्णिमेला बोधगया. आमच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधली मिळून चाळीस माणसं तयार झाली. त्यात बहुतेक बाया, त्यातही म्हाताऱ्या जास्त. माझी आई त्यातलीच. पाटसच्या बाजूला उसाच्या रानात लावणी-खुरपणी करण्यात तिचं सगळं आयुष्य गेलेलं. पुण्याच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती.

निघायच्या आठ दिवस आधी आप्पांनी सगळ्यांना विहारात बोलावलं आणि प्रवासात काय काय होईल ते सांगितलं. पाणी उकळलेलं नसेल तर पिऊ नका. रात्री खिडकीशी दागिना घालून बसू नका. तिकडं भाजीला मोहरीचं तेल असतं, वास वेगळा येईल, नाक मुरडू नका. भाषा कळली नाही तरी हसून बोला. कुणी फोटो काढायला लागलं तर पदर सावरा, भांडू नका. मग त्यांनी शेवटचं सांगितलं.

"आन् वाटंत कुणी इचारलं कुठलं, तर म्हणायचं पुण्याचं. बास. फुडं बोलायचं न्हाई."

मागून एक बाई उठून म्हणाली, "का ओ आप्पा? आपुन काय चोरी करून चाललोय व्हय?"

"चोरी न्हाई, बाई. चाळीस माणसं माझ्या भरवशावर हायेत."

ती बाई खाली बसली. मग आप्पांनी कांदे कुणी किती आणायचे तो विषय काढला.

गाडी शिरूरच्या बाजूची होती. ड्रायव्हर तिथल्याच एका गावचा, बागायतदार घरातला, तिशी-पस्तिशीचा. स्वतःची बस घेऊन सहली मारायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. बायांना तो मावशी म्हणायचा, मला ताई. बोलायला गोड आणि गाडीवर हात चांगला. फक्त एक होतं. आमचा आचारी दोन वेळचा स्वयंपाक करायचा, पण पहिले दोन दिवस दादा आणि त्याचा क्लीनर ढाब्यावरच जेवले. तिसऱ्या दिवशी आईने भाकरी-ठेचा कागदावर घेऊन त्याला केबिनमध्ये दिला. त्याने घेतला. खाल्ला का नाही ते मी बघितलं नाही. आई म्हणाली, "घेतला ना. मग झालं."

पहिले दिवस खरंच चांगले गेले. एका पेट्रोल पंपावर एका सरदारजीने बर्फाची लादी फोडून आमच्या पाण्याच्या पिंपात टाकली आणि एक पैसा घेतला नाही. एका गुरुद्वारात आम्ही सगळे खाली पंगतीला बसलो. वाढणारा कुणाला काही विचारत नव्हता, नुसता वाढत होता. आई कितीतरी वेळ त्या लांबच लांब पंगतीकडे बघत राहिली. मातीच्या कुल्हडातला चहा सगळ्यांना आवडला, पण कुल्हड फेकून द्यायचं बायांच्या जिवावर यायचं. एकीने चार धुऊन पिशवीत ठेवली.

नर्मदा ओलांडून एक दिवस झाल्यावर आप्पांनी गाडीच्या पुढचा कापडी फलक सोडवून घेतला. त्यावर निळ्या अक्षरांत सहलीचं नाव होतं.

"वाऱ्यानं फाटाय लागलंय," ते म्हणाले.

कापड कुठेही फाटलेलं नव्हतं. आतला फोटो मात्र तसाच राहिला. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फळीवर, प्रवाशांकडे तोंड करून, बुद्धाशेजारी निळ्या सुटातला तो फोटो. सकाळी निघताना आप्पा रोज त्याला ताजं फूल घालायचे.

दुसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावर पूल दुरुस्तीला काढलेला होता, म्हणून गाड्या आतल्या रस्त्याने वळवल्या होत्या. सात-आठ किलोमीटरचा फेरा, असं पुलावरच्या माणसाने सांगितलं. सकाळचे दहा वाजले असतील. दोन्ही बाजूंना कापलेली रानं, ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. एका गावाच्या तोंडाशी दादाने पाय मारला, तर क्लचचं पायडल खाली गेलं ते वर आलंच नाही.

तो खाली उतरून गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा हाताला तेल होतं. "क्लचचा सिलिंडर गेला. त्याचं वायसर किट आणावं लागंल," असं म्हणून त्याने क्लीनरला जाणाऱ्या एका टेम्पोत बसवून पुढच्या मोठ्या गावाला पाठवलं. तीन-चार तास तरी जातील, म्हणाला.

गाव समोरच होतं. वडाचं मोठं झाड, त्याखाली पार, पाराच्या बाजूला हापसा आणि पलीकडे एक चुना दिलेलं, ओसरी असलेलं घर. त्या घरातून एक वृद्ध गृहस्थ आले. पांढरंशुभ्र धोतर, डोळ्यांना काळा चष्मा. त्यांनी हात जोडले. म्हाताऱ्या माणसांना उन्हात का बसवलंय, असं ते हिंदीत आप्पांना जवळजवळ रागावूनच म्हणाले. आतून खाटा आल्या, पितळी तांबे आले, गुळाचे खडे आले.

"कहाँ जा रहे हैं?"

"गया," आप्पा म्हणाले.

"अरे, पुरखों के काम से? बड़ा पुण्य है।" वडिलांचं पिंडदान ते स्वतः तिथेच करून आले होते, असं त्यांनी सांगितलं. ओसरीवर जमलेल्या बायांनी आमच्याकडे बघून माना हलवल्या. आप्पांनी मान खाली घातली. त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांचा तो समज तसाच राहिला आणि आम्ही सगळे त्याच्या सावलीत बसलो.

आचाऱ्याने पाराच्या कडेला गॅस मांडला, भात चढवला, डाळ धुतली. गावच्या दोन बाया आमच्या बायांजवळ येऊन बसल्या, आमच्या नऊवारीचा काष्टा बोटाने दाखवून हसल्या. आई खाटेवर टेकली होती, तिच्या हातात त्यांचा तांब्या. मला वाटलं, कंपनीतल्या भैयांनी उगीच घाबरवलं.

मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले. माझं हिंदी बरं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"बिटिया, नाम क्या है?"

मी सांगितलं.

"पूरा नाम?"

मी वडिलांचं नाव जोडलं.

"और आगे?"

त्यांच्या आवाजात काहीही वाईट नव्हतं. नातीला विचारावं तसंच ते विचारत होते. "हम पूना के हैं," मी म्हणाले आणि पाणी भरायचं निमित्त करून उठले. ते हसले. त्या काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

मी हापशाकडे गेले. ते दादाकडे गेले. दादा गाडीच्या सावलीत हात पुसत बसला होता. दहा पावलांवर मी होते, तांब्या भरत होता आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"आप किस बिरादरी से हैं, भाई?"

दादाने आपलं सगळं सांगितलं. घर, शेती, आडनाव. आपल्याकडे पाटीलकी होती हेही सांगितलं.

"तब तो आप हमारे जैसे ही हुए। और ये लोग?"

"ये लोग तो जयभीमवाले हैं," दादा म्हणाला. "बुद्ध भगवान के दर्शन को जा रहे हैं। अच्छे लोग हैं।"

तो हे अगदी सरळपणे बोलला. आपल्या गावच्या पारावर पाहुण्याला कुणाचं घर कोणतं ते सांगावं तसं. माझ्या हातातला तांब्या भरून वाहायला लागला तरी मी हापसतच होते.

गृहस्थ उठले, धोतर झटकलं आणि घरात गेले. थोड्या वेळाने आतून एका बाईला हाक आली. आमच्याजवळ बसलेल्या दोघी उठल्या आणि एकदाही मागे न बघता निघून गेल्या. पोरांना हाका मारून घरी नेलं. दोन माणसं आली आणि खाटांपाशी येऊन उभी राहिली. आमच्या म्हाताऱ्या आपण होऊन उठल्या. त्या माणसांनी खाटा उचलून ओसरीवर नेल्या नाहीत. तिथेच उन्हात उलट्या करून ठेवल्या, पाय वर. आईने हातातला तांब्या पुढे केला. त्यातल्या एकाने तो तिला खाली ठेवायला सांगितलं, नुसत्या बोटाने. तिने ठेवला. तो तिथेच पडून राहिला, कुणी उचलला नाही.

मग एकजण पाना घेऊन आला. हापशापाशी बसला, बोल्ट सोडवला आणि हापशाचा दांडा काढून खांद्यावर टाकून घेऊन गेला. त्याला काही घाईही नव्हती.

चष्मेवाले गृहस्थ पुन्हा बाहेर आले ते ओसरीच्या कडेपर्यंतच. "गाड़ी जल्दी ठीक करा लीजिए," ते तिथूनच आप्पांना म्हणाले. मघाचाच मऊ आवाज.

डाळ अर्धी शिजली होती. तिच्यात घालायला पाणी नव्हतं. आचाऱ्याने गॅस बंद केला आणि पातेली तशीच गाडीत चढवली. आम्ही सगळे गाडीत जाऊन बसलो. आप्पांनी पाराकडच्या बाजूच्या काचा लावायला सांगितल्या. पत्र्याची ती गाडी आतून भट्टीसारखी झाली. पिंपात तळाला थोडं पाणी होतं, ते आप्पांनी झाकणाने मोजून मोजून म्हाताऱ्यांना दिलं.

पारावर माणसं येऊन बसायला लागली. आधी पाच-सहा. तासाभराने पंधरा-वीस. काहींच्या हातात काठ्या होत्या, पण खेड्यात काठी असतेच, असं मी स्वतःला सांगत होते. ती माणसं आरडाओरडा करत नव्हती, शिव्या देत नव्हती. नुसती गाडीकडे बघत बसली होती. मधूनच एखादी मोटारसायकल यायची, दोघे उतरायचे आणि बसलेल्यांत जाऊन बसायचे. विहारात आप्पांना प्रश्न विचारणारी ती बाई माझ्या पुढच्या सीटवर होती. ती पुटपुटत त्रिशरण म्हणत होती. शेवटी तिचाही आवाज बंद झाला.

"लई लांब आलो म्हणून व्हतंय हे," मी आईला म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"लांब कशाला?" आई म्हणाली. "आमच्या गावाला हापसा आला तवा दोन वरीस लांबून बघत व्हतो आमी. तवा तू पाळण्यात हुतीस."

दादा बाहेरच होता. त्याला कुणी काही बोलत नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला पारावरून त्याला हाक आली. तो गेला. त्याला त्यांनी बसायला जागा दिली. मग चुना दिलेल्या घरातून चहा आला, त्याच्यासाठी, कपबशीतून. गाडीतल्या चाळीस माणसांनी काचेतून त्या कपाकडे बघितलं. त्याने एकदा गाडीकडे बघितलं. मग त्याने चहा घेतला. पूर्ण संपवला, कप खाली ठेवला, काहीतरी बोलला, ते सगळे हसले. तोही हसला.

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

साधारण त्याच वेळी गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. ती बाजू रानाकडची, पारावरून न दिसणारी. मी काच सरकवली. खाली एक माणूस बांधाशी वाकून उभा होता. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, डोक्याला गमछा, पाठीवर गोवऱ्यांचं पोतं. कोणी बघितलं तर गोवऱ्या वेचतोय असंच वाटलं असतं. त्याने पोत्यातून तेलाचा प्लॅस्टिकचा डबा काढून वर दिला. डबा पाण्याने भरलेला होता.

तो आत बघत होता. त्याला फळीवरचा फोटो दिसला. त्याने हात जोडले नाहीत, कारण दोन्ही हातांनी डबा धरलेला होता. पण ओठ हलले. "जय भीम," तो इतक्या हळू म्हणाला की ते फक्त मला आणि आईलाच ऐकू आलं.

"दिन रहते निकल जाइए," तो म्हणाला. "उस पार के टोले से लोग बुलाए हैं। शाम को आएँगे।"

पलीकडच्या वाडीतून माणसं बोलावलीत, हे मी आप्पांना सांगितलं. आप्पा खिडकीपाशी आले, त्यांनी विचारलं की गाडी चालू होत नाही, काय करायचं? तो माणूस म्हणाला, ते मला कसं कळणार, पण इथे थांबू नका. तो वळला तेवढ्यात आईने खिडकीतून हात काढून त्याचा खांदा धरला. तिला हिंदी येत नव्हतं. ती मराठीतच बोलली.

"आन् तुमचं वं, भाऊ? तुमाला काय करतील ते?"

त्याला शब्द किती कळले कुणास ठाऊक. पण त्याला समजलं.

"हमको तो यहीं रहना है, माई।"

"नाव काय तुमचं?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून. पोतं पाठीवर घेतलं आणि बांधाच्या आडून वाकून निघून गेला. तो कुठे गेला ते मी शेवटपर्यंत बघितलं. गावाच्या खालच्या अंगाला, रस्त्यापासून दूर, गवताने शाकारलेली चार-पाच घरं होती. तिकडे.

थोड्या वेळाने दादा गाडीत आला. केबिनचं दार लावलं आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आप्पा, क्लीनरची वाट बघायची न्हाई," तो म्हणाला. "गिअरमदीच सेल्फ मारतो. सेकंडवर गाडी जाईल, मोठ्या रस्त्यापर्यंत. पण एकदा निघाली की मला थांबता यायचं न्हाई. थांबली तर परत उठंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

"त्यांना काय सांगितलंस?"

"म्हणालो, गाडी फिरवून सावलीत लावतो." मग कुणी विचारलं नव्हतं तरी तो म्हणाला, "चहा नको म्हणलो असतो तर उठूनच दिलं नसतं मला."

तो सीटवर बसला. सेल्फ मारला तशी गाडी पुढे हिसका देऊन उडाली, बंद पडली. पारावरची माणसं उभी राहिली. दुसऱ्यांदा तशीच. तिसऱ्या वेळी इंजिन धरलं आणि गाडी कचके खात निघाली. म्हाताऱ्या एकमेकींवर आदळल्या, मागे पातेली पडून अर्धा शिजलेला भात सगळीकडे सांडला.

एक दगड मागच्या काचेवर आला. एकच. काच तडकली, पण फुटली नाही. मी शेवटच्या सीटवर होते आणि त्या तडकलेल्या काचेतून मागे बघत होते. आता ते गाडीमागे धावणार, मोटारसायकली काढणार, असं मला वाटत होतं. कुणी धावलं नाही. चष्मेवाले गृहस्थ ओसरीतून खाली आले. त्यांनी हात वर करून काहीतरी दाखवलं. आणि पारावरची सगळी माणसं, वीस-पंचवीस असतील, आमच्याकडे पाठ करून चालायला लागली. गावाच्या खालच्या अंगाला. त्या गवताच्या घरांकडे.

आईने पण ते बघितलं. ती उठून उभी राहिली, दांडीला धरून.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "ओ दादा, गाडी थांबवा! त्या माणसाकडं चाललेत ते!"

दादाने आरशात बघितलं. त्याला दिसत होतं, मला माहीत आहे. त्याने पाय उचलला नाही. आई आप्पांकडे वळली. आप्पा पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी दांडी धरून बसले होते.

"चला," आप्पा म्हणाले. ते कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "चला, चला."

मीही काही बोलले नाही. हे मला लिहायलाच हवं. माझं हिंदी चांगलं होतं, आवाज होता, आणि मी गप्प बसले. गाडीतली चाळीसच्या चाळीस माणसं गप्प होती, एक आई सोडून. वळण आलं आणि गाव झाडांमागे गेलं.

वाटेत समोरून येणारा क्लीनर भेटला. दादाने वेग कमी केला तसा त्याने धावत दांडी पकडली. मोठ्या रस्त्यावर एक पोलीस चौकी होती, तिथे शेवटी गाडी थांबली. आप्पा आणि मी आत गेलो. टेबलामागच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. कुणाला मारलं का? नाही. काही लुटलं का? नाही. मग काय लिहू?

मी म्हणाले, आमच्यामुळे तिथल्या एका माणसाला मारतील. कदाचित आत्ता मारतही असतील.

"उसका नाम?"

माहीत नाही.

"गाँव का नाम?"

मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी माझ्याकडे. गावाच्या तोंडाशी पाटी नव्हती, किंवा असेल तर कुणी वाचली नव्हती. चार-पाच तास आम्ही त्या गावात होतो आणि एकानेही नाव विचारलं नव्हतं. टेबलामागच्या माणसाने पेनला टोपण लावलं. वळवलेल्या रस्त्यावर तशी तीन-चार गावं लागतात, म्हणाला. बघतो.

सहल पुढे झाली. सारनाथ झालं, बुद्धपौर्णिमेला बोधगया झालं. देशोदेशीची माणसं तिथे आलेली, तऱ्हेतऱ्हेची चीवरं, तऱ्हेतऱ्हेच्या भाषांत चाललेलं पठण. सगळे रडले, सगळ्यांनी झाडाची पानं वहीत ठेवली. आई पायऱ्यांवर बसून राहिली. मी तिला आत चल म्हणाले तर म्हणाली, "तू जाऊन ये. माझे पाय दुखाय लागलेत." परतीच्या वाटेवर दादा आमच्या पंगतीला बसून जेवत होता. पहिल्या दिवशी आईने त्याला वाढलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

दौंडला आल्यावर विहारात सहलीची माहिती सांगायचा कार्यक्रम झाला. आप्पांनी सगळं सांगितलं, गुरुद्वारा, बर्फाची लादी, बोधिवृक्ष. त्या गावाबद्दल ते बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. "गाडी एकदा बंद पडली होती," एवढंच कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

कंपनीत भैयांनी विचारलं, "कैसा रहा, दीदी?" मी म्हणाले, अच्छा रहा. त्यांनी विचारलं, "सब लोग वापस आए?" मी हो म्हणाले. ते खरंच होतं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी शिरूरच्या स्टँडवर दादा भेटला. अंगाने सुटला होता, दोन बस झाल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, मी त्या रस्त्यानं परत गेलो हुतो. गयेची पार्टी हुती. पूल झालाय आता, पर मी मुद्दाम आतनं गाडी घातली. पार्टीला म्हणालो, रस्ता चुकला."

"मग?"

"हापश्याला दांडा हाय आता. पार हाय, घर हाय. ते म्हातारं दिसलं न्हाई."

"आणि खालची घरं?"

तो खिशातला रुमाल काढून मान पुसत राहिला.

"रस्त्यावरनं नीट दिसत न्हाई, ताई. दोन घरं दिसली. आधी किती हुती, मला ध्यानात न्हाई. दारं लावलेली हुती. दुपार हुती, रानात गेली असतील."

"उतरला नाहीस?"

"पार्टी हुती ना गाडीत." मग तो म्हणाला, "गावाची पाटी वाचली मात्र." आणि त्याने मला गावाचं नाव सांगितलं. साधंसं नाव होतं, अशा नावाची दहा गावं असतील. मी ते पर्समधल्या डायरीत लिहून घेतलं. त्या नावाने मी पुढे दोन पत्रं पाठवली, 'खालच्या वस्तीतील बंधूंस' असा हिंदीत पत्ता घालून. उत्तर आलं नाही. पत्रं परतही आली नाहीत. दुसरं पत्र टाकल्यावर मला वाटलं, हे पत्र कुणाच्या हातात पडलं असेल आणि त्यामुळे आणखी काय झालं असेल? मग मी तिसरं पाठवलं नाही.

दादा भेटल्याचं मी त्या सुट्टीला दौंडला जाऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं.

"उतरला का खाली?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय बघितलं त्यानं," आई म्हणाली, आणि सूप झटकायला अंगणात गेली.